देठाची खूण

माघाचे अखेरचे दिवस होते. सातपुड्याच्या उतारावर ऊन ताम्रवर्णी झाले होते, आणि त्या ताम्रवर्णी उन्हात सागाची सुपाएवढी पाने एकेक करून निखळत होती. वारा नव्हता, तरी पाने गळत होती. सावकाश, डुलत, जणू आधीच ठरल्यासारखी भूमीकडे उतरत होती.

अनसूयाबाईंचा त्या पानांवर विश्वास नव्हता. वाऱ्याने पाडलेले पान त्यांना समजे. वारा नसताना पडणारे पान मनात काहीतरी ठेवून पडते, असे त्यांना अलीकडे वाटू लागले होते.

अलीकडे त्यांना पुष्कळ काही वाटू लागले होते.

द्वारका गुणगुणू लागली होती. द्वारका, त्यांची धाकटी बहीण, एक्कावन्न वर्षांची, मितभाषी, पडछायेसारखी मागे मागे राहणारी. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि अनसूया सतरा वर्षांची. अनसूयेने तिच्या वेण्या घातल्या, तिचे ताप उतरवले, आलेली स्थळे परतवली. आधी स्वतःची. आणि पुढे, हळूच, कुणाला कळू न देता, तिचीही.

आता त्याच द्वारकेच्या केसांत सायंकाळी सागपानाचा चुरा दिसे. पदराला धुराचा वास येई, घरच्या चुलीचा नव्हे असा. चहाचा कप ती अर्धा ठेवून उठे, जणू दुसरा कुठेतरी पिऊन आली आहे. आणि आरसा! न्हाणीघराजवळचा तो जुनाट आरसा खिडकीपाशी, उजेडात, कुणी आणून टांगला?

"कुठे जातेस गं रोज दुपारची?" बाईंनी एकदा तांदूळ निवडता निवडता विचारले.

"भजनी मंडळात."

उत्तर इतके गुळगुळीत होते की बाईंची बोटे ताटात थांबली. दुसऱ्याच दिवशी बाजारात भजनी मंडळाच्या कमलताई भेटल्या आणि म्हणाल्या, "द्वारकेला बरं नाही का हो? महिना झाला, फिरकली नाही."

बाईंनी हसून काहीतरी सांगितले. पण घरी येताना त्यांची सावलीसुद्धा त्यांना परकी वाटली.

संशय शिशिरासारखा असतो. तो एका रात्रीत येत नाही. आधी एक पान पिवळे पडते, मग एक फांदी, मग एके सकाळी सारे अरण्य उघडे होऊन उभे राहते आणि जिकडे पाहावे तिकडे कृश, करड्या फांद्यांची बोटे आपल्याकडेच रोखलेली दिसतात. द्वारकेचे हसणे संशयास्पद झाले. द्वारकेचे मौन संशयास्पद झाले. निजलेल्या द्वारकेचा शांत श्वासही बाई कान देऊन ऐकू लागल्या.

आणि एका दुपारी त्या तिच्यामागे निघाल्या.

पायवाट सागवनात शिरली. पुढे द्वारकेची निळी साडी, मागे बासष्ट वर्षांच्या अनसूयाबाई, चप्पल हातात घेतलेल्या. पण पानगळीच्या अरण्यात कुणाला चोरपावलांनी चालता येत नाही. पाऊल पडे आणि पाने करकरत. पाऊल थांबे आणि पाने थांबत. तीस वर्षे शाळेत ज्यांच्या चाहुलीने वर्ग चिडीचूप होत, त्या बाई आज स्वतःच्याच चाहुलीला भीत होत्या.

वनाच्या कडेला एक रोपवाटिका होती. तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत होता. चुलीशी एक वृद्ध बसला होता. बाईंनी त्याला ओळखले. निवृत्त वनपाल, श्रीपत वानखडे. चार वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, तेव्हा बाई भेटून आल्या होत्या. द्वारका त्याच्यासमोर पाटावर बसली, आणि त्याने काही न विचारता कप तिच्या हाती दिला.

ते काही न विचारणे बाईंच्या काळजात रुतले. त्या एक पाऊल पुढे आल्या. पाने करकरली.

द्वारका वळली. दचकली नाही.

"ये ताई," ती म्हणाली. "रोज वाट बघत होते, तू कधी मागे येशील याची."

"मला खोटं सांगितलंस."

"सांगितलं. खरं सांगायचं धाडस नव्हतं. म्हणून तुला कळेल असं खोटं सांगितलं."

वानखडे उठून उभे राहिले होते. "बाई, आम्ही लग्न करायचं म्हणतोय," ते म्हणाले. "पण तुम्हाला विचारल्याशिवाय नाही, असं द्वारका म्हणते."

बाईंचा आवाज वर्गातला झाला. "या वयात? स्वयंपाकाला माणूस हवंय का तुम्हाला?"

"स्वयंपाक मला येतो. हिला येत नाही, हेही ठाऊक आहे."

द्वारका हसली. बाईंना ते हसणे सोसवेना. त्यांनी शेजारच्या कोवळ्या सागाचे एक अर्धहिरवे पान रागाने ओढले. ते सुटेना. ओढले तशी फांदीची साल सोलत आली, ओली, पांढरी. त्यांचा हात थबकला. शेजारचेच एक पिकले पान मनगटाच्या नुसत्या धक्क्याने गळून पडले. जिथून ते गळले तिथे जखम नव्हती. एक कोरडी, मिटलेली खूण होती. आणि त्या खुणेच्या वर, मोहरीएवढा, एक बंद अंकुर.

तीस वर्षे त्यांनी हाच धडा शिकवला होता. वारा पान पाडत नाही. झाडच देठाशी भिंत बांधते, झाडच पानाला मोकळे करते, आणि कोंभ आधीपासून तिथे असतो. फळ्यावर आकृती, आकृतीला बाण. पण खुणेवर बोट असे कधी ठेवले नव्हते.

त्यांना ती परतवलेली स्थळे आठवली. ओढून ठेवलेले एक कोवळे आयुष्य, आणि त्याची सोललेली साल.

"द्वारके," त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी दोन स्थळं आली होती. तुला न सांगता मी नाही म्हणून कळवलं."

"ठाऊक आहे मला, ताई."

"कधीपासून?"

"तेव्हापासून."

बाई पाटावर बसल्या. वानखड्यांनी तिसरा कप भरला. चहात साखर जास्त होती. बाईंनी तो संशयाने हुंगला, आणि प्यायला.

फाल्गुनात लग्न झाले, मोजक्या माणसांत. पाठवणी झाली, तेव्हा बाईंनी डोळे पुसले नाहीत. घर केवढे मोठे झाले होते! प्रत्येक खोली त्यांना काहीतरी विचारत होती.

संध्याकाळी त्या परसात आल्या. परसामागचे सारे सागवन निष्पर्ण झाले होते, उभ्या उभ्या रेघांचे, धूम्रवर्णी. आणि त्या रेघांच्या पलीकडे, जिथे पावसाळ्यापासून नुसती हिरवी भिंत होती, तिथे त्यांना एक कौलारू छप्पर दिसले. खाली एक ओसरी. ओसरीवर कुणीतरी दिवा लावत होते.

इतके जवळ होते वानखड्यांचे घर! चार वर्षांपूर्वी त्या रस्त्याने वळसा घालून तिथे गेल्या होत्या; परसातून, पानगळीत, कधी पाहिलेच नव्हते.

पावसाळ्यात पुन्हा पाने येतील, त्यांच्या मनात आले. मग हेही दिसणार नाही.

मग चालत जावे लागेल, इतकेच. त्या तशाच उभ्या राहिल्या; आणि पलीकडे दिवा थरथरला, स्थिरावला, आणि निष्पर्ण फांद्याफांद्यांतून त्याचा उजेड, संथ, सोनसळी, त्यांच्या परसापर्यंत आला.