अनंताची तहान

चैत्राची अखेर. तांबूस, तप्त, बिनवाऱ्याची सकाळ. डोंगराच्या उघड्या खांद्यावरून ऊन उतरत होते. माळावरून, कुंपणावरून, परसातल्या अनंताच्या गर्द, तकतकीत पानांवरून.

आणि पानांच्या कडा करपल्या होत्या.

वैजयंता जागीच थिजली. काल संध्याकाळी या कडा हिरव्या होत्या. आज पानापानाला तपकिरी किनार, जणू कुणी एकेक पान ज्योतीवरून फिरवले होते. हिरव्या, पीळदार, मिटलेल्या कळ्या माना टाकून लोंबत होत्या.

धरणाच्या पाण्याने गाव गिळले, घर गिळले, विहीर गिळली, तेव्हा तिच्या सासूने ओल्या गोणपाटात गुंडाळून अनंताची एक फांदी आणली होती. त्याला चाळीस वर्षे झाली. त्या गावाचे हिरवे असे आता एवढेच उरले होते. सासूला वैजयंता आत्या म्हणे; आणि आत्या या झाडाला कुणाचा हात लागू देत नसे.

यंदा पाने पिवळटली, कळ्या विरळ आल्या. म्हणून आत्या बाजाराला गेली असताना, परवा, वैजयंताने चोरून युरिया घातला. शाळेत विज्ञान शिकवणारी ती. तिने तो तराजूवर तोलला, चाळीस ग्रॅम, बादलीभर पाण्यात विरघळवला, बुंध्यापासून वीतभर दूर ओतला. माप चुकले नव्हते.

मग काय चुकले?

तिने माती उकरली. बुंध्याला बिलगून पांढरे, गोल, अर्धे विरघळलेले दाणे. मोत्यांसारखे देखणे, विषासारखे शांत. तिने तर सारे विरघळवूनच घातले होते.

"ते माझं हाय," मागून आत्याचा आवाज आला. "उसाच्या खताच्या पोत्यातलं. काल घातलं, ओंजळभर."

"मला सांगायचं तरी, आत्या!"

"तू घातलंस तवा सांगितलंस व्हय? बादलीला वास येत व्हता की."

"मग वास आला तरी घातलंत?"

"तो वास मला आज आला गं."

दोघींच्या मध्ये झाड, झाडाखाली ते पांढरे दाणे.

"एकीनं मोजून घातलं, एकीनं ओंजळीनं," आत्या म्हणाली. "शिकलेली अन् अडाणी, दोघी सारख्याच."

वैजयंताने दाणे वेचले. मग पाणी. बादलीमागून बादली, कळशीमागून कळशी. खत अति झाले की माती मुळांतलेच पाणी ओढून घेते. ओल्या मातीत उभे राहून झाड तहानेने मरते. खताचे ते क्षार खोल, खूप खोल धुऊन जायला हवे होते. दोघींनी पाणी ओतले, त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, पाच दिवस.

पाने गळत राहिली. तिसऱ्या दिवशी कळ्या गळाल्या. आत्याचे ताट तसेच परत येऊ लागले.

सहाव्या सकाळी आत्या भिंतीकडे तोंड करून बसली. "तूच बघ. मेलं असंल तर मला सांगू नगंस."

वैजयंताने शेंड्याजवळची साल नखाने खरवडली. तपकिरी. वीतभर खाली. तपकिरी, कोरडी, काडीसारखी. फांद्या फुटतात तिथे. तपकिरी.

"काय?" भिंतीने विचारल्यासारखे आत्याने विचारले.

वैजयंता मातीत ओणवी झाली, गाल जमिनीला टेकवला, आणि अगदी तळाशी, चार बोटांवर, नख रुतवले.

साल सुटली.

तिने आत्याला हाताला धरून आणले, खाली बसवले, तिचे खरखरीत बोट त्या जागी टेकवले.

"ओलं हाय," आत्या पुटपुटली.

वर सारे करपलेले, सारे निष्पर्ण, सारे निःशब्द. आणि खाली, म्हाताऱ्या बोटाखाली, तांदळाच्या दाण्याएवढे, हिरवे.