लिंबूटिंबूंसाठी बंद दार

आमचा गेम शुक्रवारी बाजारात जाणार होता आणि मंगळवारी सकाळी ताईचा फोन आला. "शेवटचं दार उघडत नाहीये गं," ती म्हणाली. आवाज शांत होता, जरा जास्तच.

ताईच्या बोटांचे सांधे सहा वर्षांपासून आखडलेत. मांडीवर टॉवेलची घडी, त्यावर कंट्रोलर, आणि बटणं दाबायची ती मूठ मिटून, एका बोटाच्या सांध्याने. अशा खेळाडूंसाठी गेममध्ये एक सोपा प्रकार होता: शत्रू जरा सावकाश येतात, बटण दहादा बडवण्याऐवजी एकदा दाबून धरलं तरी चालतं. तपासणीची प्रत मीच तिला दिली होती. एक्केचाळीस तास खेळून ती शेवटच्या दाराशी पोचली आणि समोर पाटी आली, 'लिंबूटिंबूंना इथून पुढे प्रवेश नाही. आधी मोठे व्हा!'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसात शिरले तीच ओरडत, "कुणाच्या सडक्या डोक्यातून निघालंय हे?"

आमचे मुख्य डिझायनर कॉफी ढवळत होते. सतत फर्मानं काढतात म्हणून त्यांना आम्ही पाठीमागे महाराज म्हणतो. "अगं, गंमत आहे ती," ते म्हणाले. "ज्यांनी खरा घाम गाळला, त्यांच्यासाठी काही राखून ठेवायला नको?"

"एक्केचाळीस तास खेळली माझी ताई, एका सांध्यावर! अजून किती घाम हवाय तुम्हाला?"

"सगळ्यांचेच लाड केले तर खेळात राम काय उरला?"

"जिना चढता येत नाही म्हणून कुणी लिफ्टने आलं, तर गच्चीला कुलूप लावता का तुम्ही?"

ते कॉफीच ढवळत राहिले. त्यांचा तो चमचा हिसकावून घ्यावासा वाटला मला.

शेजारची प्रोग्रामर सहसा तोंड उघडत नाही. ती हळूच म्हणाली, "एक अट काढायची आहे फक्त. पाच मिनिटांचं काम." मग पाटीच्या मजकुराची फाइल उघडून ती थबकली. आमच्याकडे प्रत्येक ओळीसमोर लिहिणाऱ्याचं नाव असतं.

त्या ओळीसमोर माझं होतं.

मग सगळं आठवलं. आठ महिन्यांपूर्वीची कंटाळवाणी मीटिंग, जांभया, आणि सोप्या प्रकाराला नाव काय द्यायचं यावर मी फेकलेला विनोद, पाटीसकट. सगळे पोट धरून हसले होते. महाराजांनी टाळी देत म्हटलं होतं, "मग दारही बंदच ठेवू!" म्हणजे माझ्या विनोदासाठी ते दार बांधलं गेलं. आणि त्या हशावर मी दोन दिवस हवेत होते, निर्लज्जासारखी.

मी ओळ पुसली. प्रोग्रामरने अट काढली.

"माझ्या परवानगीशिवाय हे जाणार नाही," महाराज म्हणाले.

मी ताईचा नंबर लावून फोन त्यांच्यापुढे सरकवला. "मग तिला सांगा, ती कमी कुठे पडली."

फोनची रिंग वाजत होती. ते त्याकडे बघत राहिले. ताईने उचलायच्या आत त्यांनीच लाल बटण दाबलं. "काढा ते दार," म्हणाले आणि कॉफी तशीच टाकून निघून गेले.

संध्याकाळी नवी प्रत घेऊन मी ताईकडे गेले. खेळातलं ते शेवटचं दार उघडलं. तिने शेवट पाहिला, अगदी नामावलीपर्यंत. माझं नाव वर सरकत गेलं.

"ती पाटी मीच लिहिली होती," मी म्हणाले.

"माहीत आहे. वाचल्या वाचल्या कळलं." तिची नजर पडद्यावरच होती. "लहानपणी कुणी तुला लिंबूटिंबू म्हटलं की मी डाव मोडून तुला घरी आणायचे. हिच्यावरही राज्य आलं पाहिजे म्हणून भांडायचे सगळ्यांशी."

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तिने दोन्ही मनगटांत धरून कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि टॉवेल उचलायला गेली. तो घसरून खाली पडला. मी वाकले.

"राहू दे," ताई म्हणाली. "माझं मी घेईन."