ऐंशी अंशांच्या आत

कारखान्यात टेबलावर बारा साचे होते. प्रत्येकात तीनशे ग्रॅम मिश्रण, पिवळसर आणि मधासारखं दाट. भट्टीत ऐंशी अंशांना ते फसफसून वर येतं आणि त्याचा फोम होतो. त्याहून कमी तापमानात आठवडाभर ठेवलं तरी ढिम्म हलत नाही. अकरा साच्यांत ते तसंच होतं. टोकाचा बारावा फुगून टेबलावर सांडला होता. शेजारी भाताचा वाडगा, त्यावर सोललेलं अंडं आणि विझलेल्या तीन उदबत्त्या.

"उदबत्तीनेच माल फुगला," कारखान्याचे मालक विन्हसाहेब भडकले. "मावशी, उद्यापासून येऊ नका."

थोआमावशी सांडलेला माल फडक्याने पुसत राहिली. तिचा नवरा दोआय एकोणीस वर्षं टेबलाच्या याच टोकाला साचे भरायचा आणि दुपारी तिथेच जेवायचा. तो गेल्याला आज शंभर दिवस झाले होते. त्यांच्याकडे रीत होती, शंभर दिवस मृताला रोज जेवण वाढायचं, मग थांबवायचं. शेवटचं तिने इथे वाढलं.

"उदबत्तीने इतकं तापत नाही, साहेब," प्रयोगशाळेतली ख्वेन म्हणाली. "उद्या दाखवते."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता तिने कालच्याच पिंपातलं मिश्रण तीन कपांत चार-चार सेंटिमीटर ओतलं. पहिल्याला खेटून तीन उदबत्त्या पेटवल्या. दुसरा टेबलाच्या मधोमध ठेवला, तिसरा दोआयच्या टोकाला. तिन्हींत तापमापी.

"त्याला आज भूक लागेल गं पोरी," मावशी पुटपुटली.

"शंभर दिवस झाले ना, मावशी?"

"झाले. पण तो माझं कधी ऐकायचा?"

उदबत्त्या जळून संपल्या. पहिला कप सदतीस अंशांवर गेला, पण मिश्रण होतं तिथेच. दुसराही शांत.

विन्हसाहेबांनी नाक मुरडलं. "मग काल कशाने फुगलं? कारण लिहून दे, नाहीतर मावशी घरी."

तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून बारीक फसफस ऐकू आली. तिथे कोणी उभं नव्हतं. भट्ट्या जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होत्या. साहेब दोन पावलं मागे सरले. मावशीने मात्र हात जोडले नाहीत, की डोळेही पुसले नाहीत. ती कपाकडे रागाने बघत होती, जेवायला उशिरा आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

ख्वेनने पट्टी लावली, तापमापी दोनदा वाचली आणि नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं:

तिसरा कप. उदबत्ती नाही. वेळ १२.४०. तापमान २९ अंश. उंची १४ सेंटिमीटर.