नवी भाजी

"सुषमा, मीठ घातलंस का गं?"

सून झऱ्यावर पाण्याला गेली होती. उत्तर आलं नाही, तेव्हा सावित्राबाईंनी भारंगीच्या भाजीत मीठ टाकलं आणि झाकण ठेवलं. चाखून बघायची सोय नव्हती. नवी रानभाजी आधी वाघोबाच्या दगडापुढे ठेवायची, मग घरच्यांनी तोंडात घालायची, अशी या ठाकरवाडीची रीत. दरसाल वाडीतर्फे भाजी ठेवणारा त्यांचा नवरा कान्हू होळीनंतर वारला. यंदा ठेवायचंच राहिलं होतं.

अंगणात बारा पाहुणे पंगतीला बसले होते. त्यांना मळवलीच्या स्नेहलनं आणलं होतं. गेल्या वर्षी खालच्या माळावर गाण्यांचा मोठा जलसा झाला, हजारो लोक आले. वाडीच्या वाट्याला रिकाम्या बाटल्या आल्या. स्नेहल म्हणाली होती, "मावशी, थोडीच माणसं आणते. जमलं तर श्रावणभर दर रविवारी." जमलं तर सुषमाला लोणावळ्याच्या हॉटेलात भांडी घासायला जावं लागणार नव्हतं.

पहिल्याच घासाला पाहुण्यांनी पाणी मागितलं. मग तांब्या फिरू लागला.

"मावशी, मीठ जरा..." स्नेहल पुटपुटली.

"आत्या, मी घातलंतं की!" सुषमा दारातून ओरडली.

"अगं, मीबी घातलं!"

"चाखली नाहीत?" एका म्हाताऱ्या पाहुणीनं विचारलं.

"देवाला दावल्याबिगर आमी न्हाई चाखत, बाई. तुमाला चालतंय."

"मग दाखवून या. आम्ही थांबतो."

"दावणारं मानूस न्हाई ऱ्हायलं."

"तुमी दावा की, आत्या," सुषमा हळूच म्हणाली. "आबांच्या संगं तुमीच जायच्या."

सावित्राबाईंनी पानावर भाजी घेतली. पाहुणेही उठले. दगडाजवळ सगळ्यांनी चपला काढल्या. कान्हू बसायचा ती जागा सोडून त्या शेजारी, आपल्या नेहमीच्या जागी बसल्या, आणि तिथूनच हात लांब करून पान पुढं सरकवलं. हात जोडून झाल्यावर त्यातला घास तोंडात घातला.

"अगं बया! लय खारट!"

सगळे हसले. "पुढच्या रविवारी एकटीनंच घाला मीठ," स्नेहल म्हणाली.

सावित्राबाईंनी मान डोलावली. पानावर घासभर भाजी उरली होती. ती त्यांनी शेजारच्या मोकळ्या जागी ठेवली.