सड्यावरची लांबची वाट

मी भोंग्या बोलतोय. नाव ऐकून हसू आलं असेल तर खुशाल हसा, लालबागेत सगळेच हसायचे. गिरणीचा भोंगा वाजला की मीही मान वर करून त्याच्या सुरात सूर मिळवायचो, म्हणून चाळीने मला हे नाव दिलं. आता मी कोकणात असतो. दात पडलेत, एका डोळ्याने धूसर दिसतं. पण भोंगा ऐकला की घसा अजून आपोआप उघडतो, आणि तेच माझं दुखणं आहे.

माझा जन्म चाळीच्या जिन्याखालचा. वरच्या मजल्यावर एक खोली होती, गाववाल्यांची. देवगडकडच्या एकाच गावातले गिरणी कामगार तिथे राहायचे. कुणी दिवसपाळीला, कुणी रातपाळीला, म्हणून एका जागेवर दोघे आळीपाळीने झोपायचे. उठलं की आपापली वळकटी दोरीने बांधून भिंतीशी रचायची. माणसं इतकी दाटीत राहूनही एकमेकांच्या वळकटीला हात लावत नाहीत, हे मला फार आवडायचं.

त्या खोलीतले दोघे माझे होते, लवू आणि शिवा. दोघे एकाच खात्यात साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचे. शिवा गंगुबाईच्या खानावळीतून निघताना भाकरीचा तुकडा आणि भाजलेली सुकट मुठीत लपवून आणायचा. लवू त्याला चिडवायचा.

"आधी आपण जेव रे. कुत्रो तुझ्यापेक्षा जाडो झालो."

शिवा नुसता हसायचा. त्याच्या हाताला सुकटीचा वास कायमचा लागलेला होता. माझ्या लेखी तो वास म्हणजेच शिवा.

शिवाची आई अंबिका गावी एकटी असायची. छप्पन्न सालच्या जानेवारीत गावच्या जत्रेला जायचं म्हणून शिवाने रजा घेतली, वळकटीसुद्धा बांधली. तेव्हा मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून गिरणगावात रोज सभा आणि मोर्चे चालू होते. लवू त्याला म्हणाला, "जत्रा फुडच्या वर्साक परत येतली, शिवा. मोर्चो येवचो नाय. थांब, मगे दोघाय मिळान जावया."

शिवा थांबला. मोर्चाच्या दिवशी गोळीबार झाला. लवू परत आला आणि शिवा आला नाही. बांधलेली वळकटी भिंतीशी तशीच राहिली.

त्यानंतर मी भोंग्याबरोबर रडायचो ते भोंगा संपला तरी थांबायचो नाही. शेजारच्या कमलाबाई एकदा लवूला म्हणाल्या, "ह्याला गावाला नेऊन सोड बाबा. हा रडायला लागला की घास उतरत नाही." लवू त्या वर्षी गावी गेलाच नाही. पुढच्या वर्षी मे महिन्यात मात्र त्याने एका खांद्यावर शिवाची वळकटी घेतली, माझ्या गळ्यात सुतळी बांधली आणि आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसलो. बोट सुटताना तिचा भोंगा वाजला. मी लगेच गळा काढला आणि डेकवरची माणसं पोट धरून हसली. लवू हसला नाही.

आता या गावची एक रीत सांगतो. मुंबईहून कुणी आलं की त्याने आपल्या घरी पाणी पिण्याआधी खोलीतल्या सोबत्यांच्या घरी जायचं. कुणाचं लुगडं, कुणाचा निरोप, कुणाची नुसती खुशाली, जे असेल ते दारात पोचवायचं आणि मगच आपला उंबरठा ओलांडायचा. लवू आजवर कधी चुकला नव्हता. त्या दिवशी मात्र बोटीवरून किनाऱ्याला आणणाऱ्या पडावातून उतरल्यावर तो सरळ आपल्या घरी गेला आणि तांब्याभर पाणी गटागटा प्यायला. त्याची बायको मालन वळकटीकडे बघत राहिली.

एकदा चुकलेली वाट दुसऱ्या दिवशी आणखी अवघड होते. लवू सकाळी वळकटी खांद्यावर टाकायचा, मालनला सांगायचा, "कुत्र्याक जरा फिरवून हाडतंय," आणि निघायचा. बांधावर दोन वाटा फुटतात. डावी वाट अंबिकेच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात जाते, उजवी सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर चढते. तिथे तो क्षणभर थांबायचा. मग म्हणायचा, "चल भोंग्या, आज सड्यार जावया."

आणि मी धावत सुटायचो.

खरं सांगू? तेवढं सुख मी जन्मात पाहिलं नव्हतं. चाळीतल्या कुत्र्याने मोकळं रान कुठे पाहिलेलं असणार? सड्यावर काळा कातळ लांबच लांब पसरलेला, कडेला करवंदांच्या जाळ्या, त्यात सरसर पळणारे सरडे. टोकाला गेलं की खाली खाडी दिसायची, पलीकडच्या काठावर माड, आणि तोंडाशी निळा समुद्र. कधी आम्ही देवळामागच्या राईत जायचो, तिथे भर दुपारी गारवा असायचा. कधी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेने काजूच्या बागांमधून फिरायचो. व्हाळ आटलेला असला तरी एका कोंडीत पाणी होतं, मी त्यात पोटापर्यंत बसायचो. लवू करवंदं तोडून पानाच्या द्रोणात भरायचा, पण खायचा नाही. वळकटी मांडीवर घेऊन खाडीकडे बघत बसायचा.

सुट्टीत कुत्र्याला घेऊन रानात फिरणारा माणूस लांबून किती सुखी दिसतो. गावातले लोकही म्हणायचे, लवूची मजा आहे. घरी परतलं की मालन फक्त एवढंच विचारायची, "आजपण वळकटी हवा खावन इली?" लवू मान खाली घालायचा. त्याने पाप केलं होतं असं नाही, पण पाप केलेल्या माणसासारखा तो अंगण ओलांडायचा. आणि मी? मी त्याच्यापुढे शेपटी नाचवत असायचो. तो मला पुढे करत होता आणि मी आनंदाने पुढे होत होतो. त्या दिवसांची चव आठवली की आजही मला शरमल्यासारखं होतं.

परतीच्या बोटीच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा बांधावर आलो. लवू नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. मग उजवीकडे वळला. तेवढ्यात डाव्या बाजूने वारा आला आणि त्याबरोबर चुलीवर भाजलेल्या सुकटीचा वास आला.

मला वाटलं, शिवा आला.

मी सुतळीला असा हिसका दिला की ती लवूच्या हातातून सुटली. धावत धावत मी थेट एका खळ्यात शिरलो, दारातून आत, चुलीपर्यंत. तिथे शिवा नव्हता. एक म्हातारी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दारात लवू उभा होता, खांद्यावर वळकटी घेऊन.

"होच तो भोंग्यो मां?" अंबिका म्हणाली. "शिवान सांगितल्यान होता."

तीच पुढे बोलली.

"रोज बघतंय तुका. सड्यार जातंस, वळकटी खांद्यार, कुत्रो फुडे. म्हणतंय, आज येतलो. तुझी भाकरी झाकून ठेवतंय आणि सकाळी कोंबड्यांक घालतंय."

लवू तिथेच जमिनीवर बसला. "काकी, तो जत्रेक येवचो होतो. मीच तेका थांबवलंय."

"ठावक आसा माका." तिने सुकट परतली. "तुमच्या खोलीतल्या कोंडीरामाच्या हाती निरोप धाडल्यान होतो. लवू थांब म्हणता, म्हणान थांबतंय. तेव्हापासून वाट बघतंय. शिवाची नाय रे, तो कसो येतलो. तुझी. तू येवन सांगशीत म्हणान."

लवू रडला. मी माणसाला इतकं रडताना पाहिलेलं नाही. अंबिकेने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, की जाऊ दे म्हणाली नाही. त्याचं रडणं संपेपर्यंत ती चुलीपाशी बसून राहिली. मग म्हणाली, "सांगितलंस मां आता. हातपाय धू नि जेव." वळकटी घेऊन तिने आतल्या खोलीत भिंतीशी ठेवली. माझ्यासमोर भाकरी आणि सुकट टाकली. निघताना लवूने सुतळी उचलली तेव्हा ती म्हणाली, "कुत्र्याक हयच ठेव."

असा मी अंबिकेचा झालो. लवू दर मे महिन्यात येतो आणि बोटीतून उतरला की आधी इथे येतो, पाणी इथेच पितो. परवा आला तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता. मुंबईसकट महाराष्ट्र झाला म्हणाला. अंबिकेने त्यातला एक पेढा वळकटीसमोर ठेवला. ती वळकटी तिने अजून सोडलेली नाही. मग लवू मला सड्यावर घेऊन गेला. मी हल्ली हळू चालतो, तोही हळू चालला. एका वळणावरून तिचं खळं दिसतं. तिथे थांबून त्याने हात वर केला, आणि खालून तिनेही केला.

तुम्हीही सुट्टीत इकडे या. सोबत कुत्रा असेल तर त्याला मोकळं सोडा, कातळावर पळू द्या, कोंडीतल्या पाण्यात बसू द्या. फक्त कुणाचं घर टाळायला म्हणून त्याला पुढे करू नका. त्याला बिचाऱ्याला ते कळत नाही, तो खुशाल धावत सुटतो.

माझं म्हणाल तर एक गोष्ट मला अजून जमत नाही. खाडीच्या तोंडाशी मुंबईची बोट येते आणि भोंगा वाजतो. मी तोंड मिटून पाहिलंय, पंजांत डोकं खुपसून पाहिलंय, तरी घसा उघडतोच. माझा आवाज ऐकला की अंबिका हातातलं काम टाकून दारात येते आणि बांधावरच्या वाटेकडे बघत उभी राहते. बोटीचा भोंगा तिला आता ऐकू येत नाही, फक्त माझाच येतो. मी गप्प राहिलो तर ती आत बसून राहील, हे मला कळतं. बोट लांब जाते, वाट रिकामीच असते. मग ती माझ्याकडे वळून हळूच विचारते, "कोण इलो काय रे?" आणि मी शेपटी पायांत घालून तिच्या पायाशी बसतो.