नवी बोटं

त्या आठवड्यात किर्तीला एका जागी बसवत नव्हतं. परळच्या प्रयोगशाळेत ती सारखी उठायची, सूक्ष्मदर्शकाखाली काचेची बशी सरकवायची, बघायची आणि परत खुर्चीत येऊन पाय हलवत बसायची. बशीतल्या पाण्यात नखाएवढे चपटे, तपकिरी कृमी होते. हे जीव कापले तरी मरत नाहीत. शेपटीच्या तुकड्याला नवं डोकं येतं, डोक्याच्या तुकड्याला शेपटी. अंगभर पसरलेल्या मूलपेशी जखमेकडे धाव घेतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, आणि मग त्यातली कोणी डोळा होते, कोणी स्नायू, कोणी आतडं. कोणी काय व्हायचं ते जनुकं ठरवतात. त्यांतलं एक जनुक किर्तीनं गप्प केलं होतं. कोंबडीच्या कलेजीच्या लगद्यात औषध कालवून कृमींना चारलं आणि मग त्यांची डोकी छाटली.

औषध न चारता डोकी छाटलेल्या साध्या कृमींना डोळ्यांचे दोन काळे ठिपके फुटले. हिच्या कृमींची जखम भरली, पेशी जमल्या, पांढरा उंचवटा आला आणि सगळं तिथंच अडलं.

"पेशी कमी पडल्या का?" सौमित्र सरांनी विचारलं. ते तिचे मार्गदर्शक.

"नाही सर. ढीगभर आहेत. काय व्हायचं तेच त्यांना कळत नाहीये."

सर खूश झाले. तीन वर्षांच्या कामाला कुठेतरी तोंड फुटलं होतं. किर्तीला मात्र आनंद होईना. प्रयोगासाठी महिनाभर ती वसतिगृहावरच राहत होती, आणि सकाळीच घरून तिच्या भावाचा, कल्पेशचा फोन येऊन गेला होता. बाबांनी हाताचा व्यायाम सोडला होता.

तिचे वडील लहू वरळी कोळीवाड्यातले, उभा जन्म होडीवर गेलेला. दिवाळीनंतर जाळं ओढताना दोर विंचात, जाळं गुंडाळणाऱ्या यंत्रात, अडकला आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. अंगठा आणि तर्जनी उरली. डॉक्टरांनी बजावलं होतं, ही दोन रोज वळवा, नाहीतर कायमची ताठ होतील. सुरुवातीला लहू दात-ओठ खात वळवायचा. आता विचारलं तर नुसता हसायचा.

"मी ओरडलो त्यांना," कल्पेश फोनवर म्हणाला होता. "तर म्हणतात, कशाला दुखवून घेऊ, नवीन येणारच हायत. किर्ती बनवतेय. ताई, तू काय सांगितलंस त्यांना?"

किर्तीनं काहीच सांगितलं नव्हतं. कोणी सांगितलं असेल ते तिच्या लगेच लक्षात आलं. दुपारी ती तडक लालबागच्या बाजारात गेली. तिची आई गुणवंती तिथे मासे विकायची; ती सुरमईचे तुकडे करत होती. पोरीचा चेहरा बघून तिनं कोयता खाली ठेवला.

"आये, बाबांना तू सांगितलंस?"

"तो जेवत नव्हता," गुणवंती म्हणाली. "ताट तसंच परत यायचं. तुझ्या किड्यांचं सांगितलं तवा दोन घास खाल्ले त्यानं."

"अगं, ते किडे आहेत."

"मुंडकं उगवतंय म्हणालीस ना तू? मग बोट काय मोठं?"

"त्यांचा हात ताठ होतोय. आणखी थोडे दिवस गेले तर आहेत ती दोन बोटंपण जातील."

गुणवंतीनं हात पुसले. समोर गिऱ्हाईक उभं होतं, तिकडे तिनं बघितलंही नाही. "सांगू नको त्याला, बाय. परत भिंतीकडे तोंड करून झोपंल."

किर्ती तिथून निघाली ती नुसती चालत राहिली. सांगावं तर माणूस खचतो, न सांगावं तर हात जातो. हिंदमाताला साड्यांच्या दुकानांपाशी येऊन ती थांबली, परत फिरली, पुन्हा थांबली. शेवटी तिनं कल्पेशला फोन लावला. "उद्या बाबांना इकडे घेऊन ये. मी दाखवते."

लहू इस्त्रीचा सदरा घालून आला. उजवा हात खिशात होता. किर्तीनं त्याला स्टुलावर बसवून भिंगातून बघायला सांगितलं. आधी डोळे फुटलेला कृमी दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"ह्याला मुंडकं नव्हतं?"

"नव्हतं. मी कापलं होतं."

"मायला," तो हळूच म्हणाला. मग तिनं दुसरी बशी ठेवली. "ह्याचं काय झालं?"

"पेशी आल्या, पण त्यांना सांगणारं जनुक मी बंद केलं. म्हणून नुसता गोळा झालाय."

"मग ते जनुक माणसाला दे. मला दे."

"माणसात त्याच्यासारखं जनुक आहे, बाबा. पण त्याचं ऐकणाऱ्या पेशी आपल्या अंगात नाहीत. किड्याच्या अंगभर असतात. आपल्या नसतात."

लहूनं भिंगावरचा डोळा काढला नाही. "म्हणजे नाय होणार."

"नाही."

"पुढे कधी?"

"तुमच्यासाठी नाही."

तो उठला. हात खिशातून निघाला होता, त्यानं तो परत आत घातला नाही. "तुझ्या आयेला ठाव हाय हे?"

किर्तीनं होकारार्थी मान हलवली. तो जिना उतरून गेला, कल्पेश त्याच्यामागे धावला.

घरी त्यानं बायकोशी बोलणं टाकलं. जेवायचा, पण ताट स्वतः वाढून घ्यायचा. गुणवंती पहाटे बाजारात जायची, संध्याकाळी यायची, आणि दोघं एका खोलीत दोन बाजूंना बसायची. किर्ती आता रोज घरी झोपायला यायची, पण तिचं ना प्रयोगशाळेत चित्त, ना घरी. आपण केलं ते बरोबर, असं ती स्वतःला दिवसभर सांगायची आणि रात्री तिला ते पटायचं नाही.

एका सकाळी ती पिशवी खांद्याला लावून निघाली होती, तेवढ्यात आतून लहूचा आवाज आला. "डाव्या हातानं जोर लागत नाय."

कल्पेश होडीवर गेला होता. खोलीत गुणवंतीच होती. ती टोपली भरायची थांबली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्याची ताठलेली तर्जनी दोन्ही हातांत धरून हळूहळू वळवायला लागली. लहूच्या कपाळावर घाम आला.

"दुखतंय?"

"फसवलंस तू मला," तो म्हणाला. "वळव."

किर्ती उंबऱ्यातच उभी राहिली. बोट अर्ध्यावर येऊन अडलं होतं. गुणवंतीनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.