न उच्चारलेली नावं

नारीन गावच्या दवाखान्यात बुरमाकान हरखून बसली होती. मघाशी यंत्राविना तिला एकही शब्द कळला नव्हता. आता कानांत यंत्रं होती, आणि चाचणीत फरक दिसला तरच ती घरी न्यायला मिळणार होती. राजधानी बिश्केकहून आलेली, कान तपासणारी अल्योना ओठ कागदाआड लपवून शब्द म्हणे. बुरमाकानने तो परत म्हणायचा.

“तेमिर.” म्हणजे लोखंड.

“ज्याची घोड्याला नाल ठोकतात ते.”

अल्योनाने फुली मारली. “बाल्ता.” म्हणजे कुऱ्हाड.

“लाकडं फोडायचं.”

पुन्हा फुली. “ताई, ऐकलं तेच म्हणा. कोडी कसली घालता?”

“अगं पोरी, पहिलं नाव माझ्या सासऱ्यांचं, दुसरं थोरल्या दिरांचं. लग्न झाल्यापासून तोंडातून काढली नाहीत, आता तुझ्या यंत्रापायी काढू?”

अल्योनाचा हात थांबला. “म्हणजे दोन्ही ऐकू आली?”

“न ऐकता टाळली कशी असती?”

अल्योनाला हसू आवरेना. दोन्ही फुल्या खोडून तिने बरोबरच्या खुणा केल्या. “यंत्रं तुमचीच, ताई. आता तुमच्या सासरी नसेल असा शब्द देते.”

“दे की. पण जरा हळू बोल, ओरडतेस कशाला?”